नायिकेला चेहरा नसतो

९ सप्टेंबर

आजपासून मी गोष्टीचा खेळ बनवणार. पडद्यावर चित्र, खाली वाक्यं, मधूनच समोर दोन पर्याय येणार, आणि जो निवडाल तिकडे गोष्ट वळणार. शाळेत असताना मी आणि तोवाको असले खेळ डोळे लाल होईपर्यंत खेळायचो. मी लिहायचं आणि तिनं चित्रं काढायची हे तेव्हाच ठरलं होतं. ते आता चौतिशीत होतंय. मधली वर्षं कुठे गेली ते तिला विचारायला हवं, पण मी विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं पत्र आलं तेव्हाच मी तिला सांगून टाकलं, जुनं काही काढायचं नाही. मी तेवढी मोठ्या मनाची आहे.

दोघींच्या मंडळाचं नावही तेव्हाचंच ठेवलं, ‘सात पाय’. तिसरीत असताना मी फेल्टचा ऑक्टोपस शिवला होता, त्याला सातच पाय झाले. तो अजून आईच्या संत्र्यांच्या ट्रकमध्ये आरशाला लटकतोय.

ती हिरोशिमात, मी बेटावर. फोनवर बोलायचं, फाइली पाठवायच्या. मार्चमध्ये तिकडे असे खेळ बनवणाऱ्या हौशी मंडळांचा विक्रीमेळा असतो, त्यात एक टेबल घ्यायचं. आईला हे सगळं उत्साहानं सांगितलं, तर ती म्हणते, “तिची आई बरी आहे ना?” हे काय उत्तर झालं! मी खेळाबद्दल बोलतेय आणि हिला तोवाकोच्या आईची पडलीय. कोण लागते ती हिची?

१४ सप्टेंबर

नवशिक्यांसाठीची पुस्तिका वाचून काढली. दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

एक म्हणजे, नायिकेला चेहरा नसतो. जी ‘मी’ म्हणून बोलते तिचं चित्र काढायचं नाही. बाकी सगळ्यांचे चेहरे दाखवायचे, हसरे, रडके, रागावलेले. ‘मी’च्या जागी खेळणाऱ्यानं स्वतःला ठेवायचं असतं.

दुसरी म्हणजे, खेळात एखादा आकडा मागे लपवून ठेवायचा. खेळणाऱ्यानं माया दाखवणारा पर्याय निवडला की तो आकडा वाढतो. मी त्या आकड्याला ‘विश्वास’ नाव दिलं. त्याचा उपयोग कुठे करायचा हे अजून कळलेलं नाही, पण पुस्तिकेत आहे म्हणून ठेवला.

गोष्ट डोक्यात पक्की आहे. बेटावरच्या दोन मैत्रिणी. एक ‘मी’, दुसरी हागी. एके सकाळी हागी एक शब्द न बोलता बेट सोडून जाते. बस्स. कुणाची गोष्ट आहे ते तोवाकोला सांगायची गरज नाही. समजली तर समजली.

६ ऑक्टोबर

पहिलं प्रकरण चालवून पाहिलं. हागी धक्क्यावर उभी राहिली आणि तिथेच थिजली. कितीही बटणं दाबा, हलेना. पुढच्या तुकड्याचं नाव मी एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरंच लिहिलं होतं, त्यामुळे खेळाला कुठे जायचं ते कळतच नव्हतं. अख्खा रविवार त्यात गेला. आई दारातून डोकावून म्हणाली, “जेवतेस का?” मी म्हटलं, “हागी हलल्याशिवाय नाही.” आईनं वाटी तिथेच आणून ठेवली.

शेवट दोन लिहिलेत. पहिल्यात ‘मी’ धावत धक्क्यावर जाते आणि फेरीबोट सुटलेली असते. दुसऱ्यात ‘मी’ जातच नाही, घरात बसून राहते. दोन्हींत हागी जाते.

२१ ऑक्टोबर

तोवाकोची चित्रं आली! हागी पाहून मी खुर्चीतून उठलेच. काय हात आहे हिचा. कान तिचेच काढलेत, किंचित बाहेर आलेले, पण मी काही बोलले नाही.

रात्रीच्या जेवणाआधी तिचा फोन आला.

“चिहारु, एक सुचवू का? रागावू नकोस.”

“सुचव की.”

“हागी गेल्यावर त्या नायिकेला एक पर्याय दे ना. ‘का गेलीस?’ असं विचारायचा.”

“कुणाला विचारणार? ती तर गेली.”

“मनातल्या मनात तरी.”

“आणि उत्तर कोण देणार? तोवा, जी सांगून जात नाही तिच्याकडे कारण नसतं. कारण असतं तर सांगितलं असतं. माझ्या गोष्टीत पाणी नको घालूस.”

ती म्हणाली, “बरं. गोष्ट तुझी आहे.”

आहेच.

६ नोव्हेंबर

आज मात्र ती डोक्यात गेली. हागीच्या वडिलांचं चित्र कधीपासून मागतेय. मी स्पष्ट लिहून पाठवलं होतं, पन्नाशीचा माणूस, समोरून, हसतमुख, थोडा थकलेला. आज आलं ते पाठमोरं! नुसती पाठ, टोपी आणि कोटाची कॉलर. मी फोन केला तर म्हणते, “मला समोरून नाही जमत.”

“समोरून नाही जमत म्हणजे काय? तो दुकानदार तर झकास काढलायस.”

“हा नाही जमत, चिहारु. पाठमोराच ठेव.”

मला तो माणूस खेळात हवाच होता. खऱ्यातला तिचा सावत्र बाप मी विसरलेले नाही. ती आणि तिची आई नाहीशा झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला. टोपी हातात, आवाज इतका मऊ. “चिहारु, तुला तरी ती सांगून गेली असेल,” म्हणाला. रडून रडून माझे डोळे सुजले होते. मी ओरडलेच त्याच्यावर, “मला काय माहीत! मला विचारू नका. ती मेली माझ्यासाठी.” तो माझ्याकडे बघतच राहिला. मग वाकून नमस्कार करून निघून गेला. बिचारा. एकटाच मेला तो इथे तीन वर्षांपूर्वी, अंत्यविधीला बायको नाही, मुलगी नाही. कसली माणसं असतात! खेळात मी त्याच्या तोंडी चार गोड वाक्यं दिलीत. कुणीतरी त्याच्या बाजूनं बोलायला हवं.

३० नोव्हेंबर

संत्र्यांचा हंगाम. दिवसभर सहकारी शेडमध्ये फळं निवडायची आणि संध्याकाळी आईबरोबर पेट्या भरायच्या. खेळाला हातही लागलेला नाही.

आईनं एक पेटी बाजूला काढली. “ही तोवाकोला.” माझ्या मैत्रिणीला पेटी पाठवायचं मला आधी सुचायला हवं होतं, पण असो. मी पत्ता सांगायला फोन उघडला तर पेटीवर आईच्या अक्षरात पत्ता लिहूनही झाला होता. पिनकोडसकट.

“तुला कसा माहीत?”

“तुझ्याकडून नाही का घेतला,” आई म्हणाली, चिकटपट्टी कापत.

मी कधी दिला? माझ्या फोनमध्ये डोकावली असणार. या वयात आईनं आपला फोन बघावा म्हणजे कमाल झाली.

१८ जानेवारी

पुस्तिकेत म्हटलंय, खेळ पूर्ण होण्याआधी कुणा अनोळखी माणसाकडून खेळवून घ्या. अनोळखी माणूस बेटावर कुठून आणायचा? शेडमधल्या ओनिशीबाईंना दिला. त्या पत्त्यांशिवाय दुसरं काही खेळलेल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत माझ्या लॅपटॉपसमोर चष्मा लावून बसल्या.

“हे बघ, मी म्हटलं, हागीची वाट बघा. गेली. परत पहिल्यापासून केलं, म्हटलं, हागीला खाऊ द्या. गेली! आता म्हटलं, तिच्या घरी जा. तरी गेली!”

“हो. ती जातेच.”

“मग पोरी, विचारतेस कशाला आम्हाला? सरळ सांग की, बसा आणि बघा.”

सगळ्या जणी हसल्या. मीही हसले, पण नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. आई भांडी घासत म्हणाली, “ओनिशीला कधीकधी बरं सुचतं.”

२ फेब्रुवारी

सगळं लिहून झालं. लिहिलेलं आणि चित्रं एकत्र बांधून डिस्क करायचं काम तोवाकोनं घेतलं, कारण माझा लॅपटॉप त्या कामाला बसला की पंख्यासारखा घुमतो. फाइली पाठवल्या. हातून काहीतरी मोठं गेल्यासारखं वाटलं.

“चिहारु, एकदा सगळे पर्याय निवडून खेळलीयस का? ते मायेचे पण?”

“मीच लिहिलेत. मला काय पाहायचंय त्यात?”

“तू तपासताना नेहमी तेच निवडतेस. ‘निघून जा’, ‘उत्तर देऊ नका’, ‘दार लावा’.”

“वेळ वाचतो त्यानं.”

“बरं,” ती म्हणाली. हिचं हे ‘बरं’ थेट आईसारखं आहे.

८ मार्च

नीट क्रमानं लिहायला हवं.

मेळ्यात आमचं टेबल भिंतीजवळ होतं. मी घरून निळं कापड नेलं होतं, तोवाकोनं हागीचं मोठं चित्र उभं केलं. रिवाजाप्रमाणे शेजारच्या टेबलांना नमस्कार केला, खाऊ दिला आणि आपापल्या खेळाची एकेक प्रत दिली-घेतली. उजवीकडे सुमिरे नावाची एक कॉलेजातली मुलगी होती, मांजरांच्या गुप्तहेराचा खेळ विकणारी. सकाळी आमच्या बऱ्याच प्रती गेल्या. प्रत्येक वेळी मी उभी राहून, दोन्ही हातांनी डिस्क दिली. इतकी खूश मी कधी झाले होते ते आठवत नाही.

दुपारी गर्दी ओसरली. तोवाको भाताचे गोळे आणायला गेली. सुमिरे आपल्या लॅपटॉपवर कानात इअरफोन घालून काहीतरी खेळत होती. एकदम तिनं ते काढले आणि माझ्याकडे वळली. डोळे भरलेले.

“तुमचा खेळ खेळत होते. तिसरा शेवट... मला बोलताच येत नाहीये.”

मी म्हटलं, “तिसरा?”

“ट्रकमधला. आणि तो चेहरा. पण त्यानंतर खेळ बंदच पडतो, ते मुद्दाम केलंय का?”

मी हसत म्हटलं, “शेवट दोनच आहेत.”

तेवढ्यात तोवाको आली, हातात पिशवी. तिनं आमच्या दोघींचे चेहरे पाहिले आणि पिशवी टेबलाखाली ठेवली. विचारायची गरजच पडली नाही.

“काय घातलंस तू माझ्या खेळात?”

“हळू बोल. लोक आहेत.”

“मला न विचारता?”

“विचारलं होतं. ऑक्टोबरमध्ये.”

“मी नाही म्हटलं होतं!”

एक गिऱ्हाईक आलं. आम्ही दोघी उभ्या राहिलो, हसलो, डिस्क दिली, वाकलो. ते गेल्यावर ती पुटपुटली, “तो ‘विश्वास’चा आकडा तू ठेवलास आणि कुठेच वापरला नाहीस. मी वापरला. तो पूर्ण भरला की एक पर्याय जास्तीचा येतो, एवढंच. बाकी तुझा एक शब्द बदललेला नाही. घरी जा, खेळ. मग मला हवं ते बोल.”

“तू तेव्हाही असंच केलंस. पाठीमागून. न सांगता.”

मी निळं कापडही न घेता निघाले आणि फेरीवर एकटी बसले. विकले गेलेले सगळे खेळ परत आणता येत नाहीत. कुणाकुणाच्या घरी आज माझ्या नावाखाली तिचा शेवट चालू असेल. लाजेनं मरतेय मी.

१२ मार्च

खेळलेले नाही. खेळणार नाही.

माझ्या आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. घर आईचं, बाग आजोबांची, शेडमधली नोकरी कुणीही करेल. ही गोष्ट तेवढी माझी होती, आणि तिथेही मला न विचारता दुसरं कुणी आत जाऊन बसलं.

आई विचारते, “तोवाकोचा फोन आला होता का?” मी म्हटलं, “तिचं नाव काढू नकोस.” आईचा हात पाण्याखाली तसाच राहिला.

१६ मार्च

खेळले.

नाक मुठीत धरून सगळे मायेचे पर्याय निवडले. ‘हागीची वाट पाहा.’ ‘तिला अर्धं संत्रं द्या.’ ‘ती उदास आहे का, विचारा.’ माझीच वाक्यं, पण मी कधी त्या वाटेनं गेलेच नव्हते. एका ठिकाणी चुकून ‘दार लावा’वर बोट गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. सवयच तशी.

शेवटी हागीच्या रिकाम्या घरासमोर दोनाऐवजी तीन पर्याय आले. तिसरा होता, ‘का गेलीस, ते विचार.’

चित्र आलं. ट्रकची मागची बाजू, आतून पाहिलेली. संत्र्यांच्या पेट्या, त्यांच्यावर ताडपत्री, ताडपत्रीखाली दोन बायका आडव्या, एक मोठी आणि एक शाळकरी. समोर चालकाच्या मागची काच. काचेतून दिसत होती पांढरी कापडी टोपी घातलेली एक बाई, आणि तिच्यासमोर आरशाला लटकणारा, सात पायांचा ऑक्टोपस.

ती टोपी आईची आहे. ट्रक आमचा आहे.

खाली तोवाकोची वाक्यं होती. तिला लिहिता येत नाही, एकेक वाक्य दगडासारखं ठेवलेलं. ‘बाबा आईला मारायचे. मलाही. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून टीव्ही मोठा करायचे. पहाटेच्या पहिल्या फेरीनं आम्ही गेलो. पेट्यांच्या मागे. कुणालाही सांगायचं नाही, असं ट्रक चालवणाऱ्या बाईंनी सांगितलं. मी विचारलं, चिहारुलाही नाही? त्या म्हणाल्या, चिहारुला तर मुळीच नाही.’

हागीही लिहिलं नव्हतं तिनं, ‘मी’ही नाही. सरळ माझंच नाव.

मग दुसरं चित्र आलं. आमच्या घराचं दार. पाठमोरा माणूस, तीच पाठ, तीच टोपी, तीच कॉलर, ज्या माणसाचा मी हसरा चेहरा मागितला होता. आणि त्याच्यासमोर, माझ्या खेळात जिला चेहरा द्यायचा नाही असं मी बजावून सांगितलं होतं, तिचा चेहरा. सोळा वर्षांची मी. आईनं वाकडे कापलेले केस. सुजलेले डोळे. तोंड उघडं, ओरडताना.

खाली एकच वाक्य. ‘त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा विश्वास बसला.’

मग नायिकेच्या बोलण्याची चौकट उघडली. रिकामी. आणि खेळ बंद पडला.

१७ मार्च

आई बागेत होती, उशिराची जाड सालीची संत्री काढत. मी शिडीखाली उभी राहिले. सकाळपासून काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं, त्यातलं एकही आठवेना.

“तू नेलंस त्यांना.”

आई शिडीवरच थांबली. कात्री खिशात घातली आणि हळूहळू खाली उतरली. एक रिकामी पेटी उलटी करून तीवर बसली.

“हो.”

“आणि मी घरात रडून वेडी होत होते तेव्हा गप्प बसलीस?”

“तिच्या आईला शब्द दिला होता.”

“तिच्या आईला! आणि मी कोण?”

“तू माझी मुलगी. म्हणूनच तुला नाही सांगितलं.” ती हातमोजे काढायला लागली. “तुझ्या पोटात काही राहत नाही, चिहारु. लहानपणी बशी फोडलीस तर मला विचारावंसुद्धा लागायचं नाही. तोंडावर सगळं दिसतं तुझ्या. तो येणार हे मला माहीत होतं. मला ओळखून होता तो, माझ्यावर त्याचा विश्वास बसला नसता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तू म्हणालीस, ती मेली माझ्यासाठी. तेव्हा तो खचला. बेटावर पुन्हा कुणाला विचारायला गेला नाही.”

“म्हणजे माझा वापर केलात तुम्ही.”

मला वाटलं ती नाही म्हणेल. निदान ‘असं नको म्हणूस’ असं तरी.

“हो,” आई म्हणाली.

“तो मेल्यावर तरी?”

“तेव्हा सांगायचं ते तिनं. तिची गोष्ट होती. आणि तू तर तिला सांगून बसलीस, जुनं काढायचं नाही.”

“माझा तेव्हाचा चेहरा तिला कसा माहीत?”

“हिवाळ्यात विचारत होती मला. फोनवर. कसे होते डोळे, कसे होते केस. मी सांगितलं.”

“तुम्ही दोघी बोलता?”

“संत्री पाठवते ना दरवर्षी. पोचली म्हणून फोन येतो.”

दरवर्षी. पत्र आल्यापासून नव्हे, पहिल्यापासून. मी उशीत तोंड खुपसून तिला शिव्या घालत होते तेव्हाही आई तिचा पत्ता लिहीत होती, पिनकोडसकट. माझ्याच घरातून, माझ्याच डोळ्यांदेखत ती पेटी जात होती आणि मी ती फेरीपर्यंत उचलून नेलीसुद्धा असेल.

मी शिडीला लाथ मारली. तिच्या पायथ्याशी असलेली भरलेली पेटी कलंडली, संत्री उतारावरून घरंगळत गेली. आई उठली नाही. मीच मग खाली जाऊन एकेक वेचून आणली, कारण नाहीतर कोण आणणार? पण तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

१८ मार्च

माझं सगळं तारुण्य एका रागावर गेलं. कुणावर भरवसा नको, जो येतो तो जातो. शेडमधल्या एका भल्या माणसानं मागणी घातली तेव्हाही हेच मनात आणून नाही म्हटलं. आणि तो राग कुणाच्या तरी दाराला लावलेलं कुलूप होता. लावणाऱ्यांना माहीत, उघडणाऱ्यांना माहीत, एकट्या कुलपाला माहीत नाही.

तोवाको वाचली, हे चांगलं झालं. हे मी मनापासून लिहितेय. तिच्या पाठीवर काय काय असेल आणि मी तिला त्या माणसाचा हसरा चेहरा काढायला सांगत होते. ऑक्टोबरपासून मागे लागले होते! ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

पण तरीही फसवलंय मला त्यांनी. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि दोन्हींपैकी एकही दुसऱ्यासाठी जागा सोडत नाही.

२९ मार्च

विकत घेणाऱ्यांचे अभिप्राय येताहेत. लांबलचक, प्रेमानं लिहिलेले. आणि प्रत्येकाच्या शेवटी तीच तक्रार, तिसऱ्या शेवटाला चौकट रिकामी येते आणि खेळ बंद पडतो, कृपया दुरुस्त करा. डिस्क मागून नेलेल्या ओनिशीबाईंनी तर शेडमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, “काय गं, इतकं सगळं झाल्यावर ती पोरगी बोलते काय शेवटी? मला झोप नाही.”

तोवाकोला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.

“काढून टाक म्हणालीस तर काढते,” ती म्हणाली. मी अजून काही बोललेही नव्हते. “सुधारलेली फाइल चढवता येते. लोक ती उतरवून घेतील. खेळ तुझा आहे.”

“त्या चौकटीत काय लिहायचं होतं?”

“मला माहीत नाही.”

“मग उघडलीस कशाला?”

“चिहारु, तुझ्या तोंडी मी काय घालणार? एकदा तुझा चेहरा घेतलाय आम्ही. पुन्हा तुझं बोलणंही घेऊ? आणि लिहायचं तुझं ठरलं होतं. मी चित्रं काढायची.”

मी फोन ठेवला. नमस्कारही न करता.

आधी त्या पाठमोऱ्या माणसाची चार गोड वाक्यं काढली. एकेक करून, सगळी एकदम नाही. मग रिकाम्या चौकटीसमोर बसले. काय काय लिहून खोडलं. ‘मला माफ कर.’ का म्हणून? ‘तुला माफ केलं.’ केलेलं नाही. ‘बरं झालं गेलीस.’ हे आईसारखं झालं.

शेवटी सोळा वर्षांच्या त्या सुजलेल्या तोंडाकडे बघत बसले आणि तिलाच विचारलं. तिनं जे सांगितलं ते लिहिलं.

‘मला सांगितलं असतंत, तर मी खोटं बोलले असते. असं बोलले असते, की त्याला कळलंही नसतं.’

त्याखाली ‘समाप्त’ आणि मंडळाचं नाव. खेळ आता बंद पडत नाही. फाइल चढवली.

३ एप्रिल

तोवाकोचं दोन ओळींचं उत्तर आलं. ‘वाचलं. रविवारी पहिल्या फेरीनं बेटावर येतेय. नको असेल तर सांग.’ इतक्या वर्षांत ती इथे पाय ठेवणार पहिल्यांदा. मी नको असंही कळवलं नाही, ये असंही नाही.

आई आणि मी कामापुरतं बोलतो. मीठ दे, पेटी धर.

५ एप्रिल, शनिवार

जेवताना आईनं विचारलं, “उद्या तिला आणायला धक्क्यावर जाणार?”

“नाही,” मी म्हटलं. “मला काम आहे. आली तर येईल चालत. मला काही फरक पडत नाही.”

आवाज अगदी नीट ठेवला होता. भाताकडे बघतही नव्हते, सरळ तिच्या डोळ्यांत बघून बोलले.

आई माझ्या चेहऱ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग “बरं” म्हणाली, आणि ट्रकची किल्ली माझ्या वाटीशेजारी आणून ठेवली.